पस्तीस घटका

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. त्या काळी वर्षं कुणी धड मोजत नसे. घटका मात्र मोजत. एका गावात तर त्या कामासाठी एक माणूसच नेमलेला होता.

त्याच्याकडे पाण्यानं भरलेलं घंगाळ होतं आणि तांब्याची एक वाटी. वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरायची, आणि बुडली की एक घटका झाली. मग तो काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी पुन्हा सोडायचा. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटका. रात्रीचं काम देवळातला गुरव बघायचा. त्याची वाटी वेगळी होती.

या घटका मोजणाऱ्याच्या टोल्यावर गावाचे बैल सुटायचे, पोरांची शाळा भरायची, नवरानवरीवर अक्षता पडायच्या. बारा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. त्यामुळे त्याला एक खोड लागली होती. तो मान वर करून सूर्याकडे बघतच नसे. "सूर्य ढगाआड जातो," तो म्हणायचा, "माझी वाटी जात नाही."

त्याला एक बायको होती आणि नऊ वर्षांची एक मुलगी.

बायकोची आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं. अक्काचं लग्न होऊन ती राजधानीत गेली. पुढे तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, एकटीच राहायची. दोघी बहिणींची चौदा वर्षांत भेट नव्हती. गावोगाव बांगड्या विकत फिरणारा एक कासार होता, तो इकडचा निरोप तिकडे करायचा. दर खेपेला सांगायचा, "अक्का विचारते, कधी येतेस?" अलीकडे तो एवढंच जास्तीचं सांगायचा, की अक्का फार खोकते.

एकदा हा निरोप नवऱ्यानंही ऐकला. तो म्हणाला, "अगं, जाऊन येऊ की आपण. दोन दिवस गुरव सांभाळेल इथलं."

बायको भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

त्यानं गेरूचा खडा घेतला आणि भिंतीपाशी बसला. "जायला तीस घटका, यायला तीस. झोप आणि जेवणखाण मिळून पंचवीस. उरल्या पस्तीस." त्यानं भिंतीवर पस्तीस रेघा ओढल्या. "ह्या पस्तीसच्या पस्तीस तुझ्या अक्काच्या. उतरायचंच तिच्याकडे."

कासार निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप गेला: पौर्णिमेच्या सांजेला येतो, एक रात्र आणि पुरता एक दिवस तुझ्याकडेच.

एवढ्यावर थांबले असते तर मला ही गोष्ट सांगायला बसावंच लागलं नसतं. पण आपल्या लोकांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. कुणी कुठे जाणार म्हटलं, की न जाणाऱ्यांना जास्त चेव येतो.

पाटील ओट्यावर येऊन टेकले. "राजधानीला जाताय आणि तळं बघणार नाही? मग गेलात कशाला?" सोनार म्हणाला, "सराफांची पेठ चुकवू नका हं." एक म्हातारबाबा जन्मात वेशीबाहेर गेले नव्हते, तेही म्हणाले, "सातमजली मनोरा चढल्याशिवाय परत आलात तर तोंड दाखवू नका." मुलगी म्हणाली, "मला राजाचे हत्ती अंघोळ करताना बघायचेत." तेव्हा आईच म्हणाली, "तेवढं पोरीचं होऊ द्या. माझ्यातल्या चार घ्या."

नवरा अंगठा पाण्यात बुडवायचा आणि एकेक रेघ पुसायचा. पस्तीसच्या सत्तावीस झाल्या. मग अठरा. अक्काचं घर नदीकाठच्या गल्लीत, हत्तीखाना दुसऱ्या टोकाला. म्हणून रात्री उतरायचं ठरलं हत्तीखान्याजवळच्या धर्मशाळेत. मग अकरा राहिल्या. मग चार.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "अक्कासाठी निघालो होतो ना आपण?"

"अगं, अक्का काय पळून जाते आहे?" तो म्हणाला. "राजधानी काय रोज बघायला मिळते? आणि तिचं घर नावेच्या वाटेवरच आहे. जाता जाता भेटायचं."

पौर्णिमा आली तेव्हा भिंतीवर अक्काची एक रेघ उरली होती.

तो माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, मुलीवर तर होताच. मला त्याचा राग येतो, आणि तो वाईट नव्हता म्हणून जास्तच येतो.

पहाटे ते गाडीत बसले. बायकोनं बरोबर एक पुरचुंडी घेतली होती. माहेरच्या परसातल्या बोरीची बोरं, तिनं स्वतः सुकवलेली. नवऱ्यानं बरोबर घेतलं घंगाळ आणि वाटी. हो, खरंच घेतलं! बेत घटकांचा होता, मग घटका मोजायला नकोत? हसू नका. हसण्यासारखं पुढे फारसं काही नाही.

वाटेत गाडीचं चाक दगडावर चढलं आणि वाटीचं गाठोडं चाकावर आपटलं. त्यानं सोडून बघितलं. बुडाला जरासा पोचा आला होता. त्यानं अंगठ्यानं तो दाबून नीट केला. "काही नाही झालं," तो म्हणाला. भोक केसभर रुंदावलं होतं. केसभर म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढं.

नदीवर नाव तयार होती. नावाडी म्हणाला, "उद्या मावळतीला परत सुटणार. ती चुकली तर पुढे आठ दिवस नाव नाही." सांजेला ते राजधानीत पोचले आणि धर्मशाळेत उतरले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं वाटी पाण्यावर सोडली. तिथून पुढे काय सांगू? बायकोच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घंगाळ, घंगाळात वाटी. नवरा दर चार पावलांनी टाचा उंचावून आत बघायचा. हत्ती सोंडेनं पाणी उडवत होते. मुलगी हसायला लागली, तोवर वाटी बुडाली. "चला, चला!" तळ्यावर पायऱ्या उतरले तेवढंच, पेठेत धड एक दुकान बघून झालं नाही. बायको मान हलवू शकत नव्हती, त्यामुळे मनोरा तिनं पाहिलाच नाही.

राजवाड्याच्या घटकाघरातून टोले पडत होते, पण ते सगळे त्याच्या मोजणीच्या मागे. त्यानं बारा मोजल्या तेव्हा राजाचे आठ पडले.

"आपलीच वाटी पुढे धावत नसेल ना?" बायकोनं विचारलं.

"बारा वर्षांत धावली नाही ती," तो म्हणाला. "राजाच्या पदरची माणसं. डुलक्या काढत असतील."

ठरल्याप्रमाणे ते शेवटी अक्काच्या गल्लीत शिरले. अक्का दारातच बसली होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, पण बहिणीला बघून ती धावत आली. आधी तिनं बहिणीच्या डोक्यावरचं घंगाळ उतरवलं आणि मग तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"काल सांजेपासून बसलेय गं दारात," ती म्हणाली. "म्हटलं वाट चुकली की काय. रात्री डोळा नाही लागला."

आत दोन गोधड्या अंथरलेल्या होत्या. चुलीवर पुरणाची डाळ शिजून आटून गेली होती. अक्कानं मुलीला जवळ घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग कपाळाला हात लावला. "अगं बाई! तुमच्यासाठी आणलेलं दूध रात्रीच नासलं. थांबा, गवळ्याकडून ताजं आणते. पाहुणे, हलायचं नाही हं. ही गेले न् ही आले." तांब्या घेऊन ती खोकत खोकत गल्लीत वळली.

नवऱ्यानं घंगाळ उंबऱ्यात ठेवलं होतं. वाटी भरत आली होती. भरली. बुडाली.

"चला," तो उठला.

"अहो, ती दूध आणायला गेलीय."

"घटका झाली."

"पुन्हा एकदा सोडा ना वाटी. एकदाच. माझ्यासाठी."

"आणि नाव चुकली म्हणजे? आठ दिवस गावाच्या घटका कोण मोजणार?" त्यानं पाणी अंगणात ओतलं, घंगाळ काखेत मारलं, मुलीचा हात धरला आणि चालू लागला.

बायको उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीच्या या टोकाला लेक चालली होती, त्या टोकाला बहीण अजून दिसत नव्हती. तिनं बोरांची पुरचुंडी गोधडीवर ठेवली. मग ती निघाली. चौदा वर्षांनी भेट झाली ती एवढीच.

नदीवर पोचले तर नावाडी वाळूत कांदा-भाकरी खात बसला होता. नाव खुंटाला बांधलेली. ऊन चांगलं कडक होतं.

"इतक्या लवकर?" नावाडी म्हणाला. "अजून दहा घटका दिवस आहे की. मावळतीला सुटायचं."

बायको म्हणाली, "मी जाऊन येते हो. धावत जाते, धावत येते. गल्ली ती काय, इथून दिसते."

आता तरी त्यानं वर बघायला हवं होतं. बघितलंही. बारा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "सूर्य रेंगाळलाय आज. माझ्या तीस घटका पुऱ्या झाल्या आहेत. या घडीला आपण नावेत असायचं ठरलंय. बैस."

आणि ते बसले. बांधलेल्या नावेत, वाळूवर सावल्या लांब होईपर्यंत, तिघं जण बसून राहिले. मुलगी आईच्या मांडीवर झोपली. आई नदीकाठच्या छपरांकडे बघत होती. त्यातल्या एका छपरातून धूर निघत होता. तो कुणाच्या चुलीचा, हे तिला ठाऊक नव्हतं, पण ती त्याच्याकडेच बघत राहिली.

गावात परतल्यावर नवरा दोन दिवस सगळ्यांना आपला बेत कसा तंतोतंत पार पडला ते सांगत फिरला. तिसऱ्या दिवशी गुरव येऊन म्हणाला, "तुझे टोले हल्ली लवकर पडतात रे. माझी पूजा आटपायच्या आत दुपार होते."

दोघांनी दोन्ही वाट्या एकाच पाण्यात, एकाच वेळी सोडल्या. याची वाटी बुडाली. गुरवाची अजून तरंगत होती. तिचा तिसरा हिस्सा भरायचा राहिला होता.

तो किती तरी वेळ त्या तरंगणाऱ्या वाटीकडे बघत होता. मग घरी गेला, बायकोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दहा घटका होत्या आपल्याजवळ. त्या मी नावेत बसून घालवल्या." त्याला रडू आलं. त्यानं गेरू घेतला आणि भिंतीवर अक्काच्या त्या एका रेघेशेजारी चौतीस रेघा नव्यानं ओढल्या. "येत्या पौर्णिमेला पुन्हा जायचं. पस्तीसच्या पस्तीस तुझ्या अक्काच्या. घंगाळ इथेच राहील."

बायकोनं त्याच दिवशी पुन्हा बोरं वाळत घातली.

बोरं वाळायच्या आत कासार आला. दर खेपेला तो दुरूनच हाक द्यायचा, या वेळी गुपचूप ओट्यावर बसला.

अक्का दूध घेऊन आली तेव्हा घर रिकामं होतं. तिला वाटलं, पाहुणे असे उठून गेले म्हणजे नाव सुटायची वेळ झाली असणार. म्हणून ती नदीवर गेलीच नाही. तिनं तसंच दूध तापवलं आणि दिवस मावळेपर्यंत ते घेऊन दारात बसली. त्या रात्री ताप चढला. आठव्या दिवशी ती गेली. "शेजारणीला म्हणाली," कासारानं सांगितलं, "दूध आणायला मी उगाच गेले. मी बसायला हवं होतं तिच्याजवळ."

बायको रडली नाही. ती आत गेली, फडकं ओलं करून आणलं आणि भिंतीवरच्या रेघा पुसू लागली. चौतीस पुसल्या. शेवटच्या रेघेपाशी तिचा हात थांबला.

"ही राहू दे," ती म्हणाली. "एवढी एक तरी मला मिळाली होती."

नवरा दारात उभा होता. खोटं बोलला असता तर निदान तेवढी तरी तिच्याजवळ राहिली असती. पण जन्मभर घटका मोजलेला माणूस, त्याला खोटं सुचलं नाही. तो म्हणाला, "तीसुद्धा पुरी नव्हती."

तिनं तीही रेघ पुसली.

बाळांनो आणि थोरांनो, ज्याच्यासाठी घरातून निघालात त्याच्याकडे सगळ्यांत आधी जा; उरल्यासुरल्या वेळात माणसं भेटत नाहीत.