कट्ट्यावरचं पिल्लू

तळ्याकाठच्या त्या राज्यात सगळे बगळेच राहत आणि तिथे कुणीही बेघर नव्हतं. म्हणजे कायद्यानंच नव्हतं. वेशीवर दोन खांबांना दोन वेळू आडवे बांधलेले होते. खालच्या वेळूखालून न वाकता जाईल ते पिल्लू. तळ्यातली सगळी मासळी जिथे जमा होई त्या मासळीघरातून त्याला रोजचा मासा मिळे. वरच्या वेळूला ज्याचं डोकं टेकेल तो थोराड. त्याला झाडावर हक्काची फांदी मिळे. ज्यांची डोकी या दोहोंच्या मधे येत, त्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं. म्हणून त्यांना मोजतच नसत. झाला निकाल!

शेवरी अशीच मधली. तिच्या बापानं दुसरी बायको आणली, घरट्यात नवी अंडी आली आणि एका सकाळी "आता मोठी झालीस, तुझं तू बघ," म्हणून तिला खाली ढकललं. खाली आल्यावर तिला कळलं की आपण फक्त बापाच्या हिशेबी मोठ्या झालोय. मग ती सकाळी मान आखडून पिल्लू व्हायची आणि दुपारी चवड्यांवर उभी राहून थोराड व्हायची. पहारेकरी काही खुळा नव्हता. "काय गं, सकाळची लहानगी ना तू?" म्हणत तो तिच्या पायांवर काठी हाणायचा आणि रांगेतले खो खो हसायचे.

ती निजायची मासळीघराच्या कट्ट्यावर, छज्ज्याच्या आडोशाला. आत मासळीचे ढीग, बाहेर हिच्या पोटात कावळे. शेजारी ढेंग्या निजायचा, तोही मधलाच, नुसते पायच पाय. तिन्हीसांजा झाल्या की घारी यायच्या. "घरट्यांतली अंडी आणून द्या, पोटभर खाऊ घालतो," म्हणायच्या. त्यांच्या नादी लागलेलं एखादं पोर पंख मोडून परत यायचं, बाकीची यायचीच नाहीत. तरी ढेंग्याचा जीव खालीवर व्हायचा.

"उपाशी मरण्यापेक्षा ते काय वाईट?" तो म्हणायचा.

"हा कट्टा आहे तोवर तरी थांब रे. एवढं ऐक माझं," शेवरी म्हणायची, आणि तो थांबायचा. तिला जगात धरून ठेवण्यासारखं एवढंच होतं, तो कट्टा आणि त्यावरचा ढेंग्या.

एके दिवशी माईसाहेब आल्या. त्यांच्या मऊ काळजाचा राज्यात मोठा लौकिक होता. कट्ट्यावरची पोरं बघून त्यांचे डोळे भरून आले आणि ते बघून सोबतच्या सगळ्यांना गहिवरून आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक पाथरवट धाडला. शेवरीला तळ्याकाठी उभं करून तो म्हणाला, "मान आत घे. अजून. पाय दुमड. एवढ्या मोठ्या पिल्लावर दया कोण करणार?" शेवरीनं अंग इतकं चोरलं की सांधे ठणकायला लागले. माईसाहेब समोर बसून बघायच्या. "गुणाची आहे हो पोर," म्हणायच्या.

त्या एका शब्दावर शेवरीनं केवढे इमले बांधले! "आपली सोय लागणार बघ," तिनं ढेंग्याला सांगितलं. "एवढी थोर बाई उगाच का तासन्‌तास माझ्याकडे बघत बसेल?" वेडी पोर. जो इतकं निरखून बघतो त्याला आपण दिसत असणार, असं तिला वाटलं. ढेंग्यानं त्या संध्याकाळीही घारींना नाही म्हटलं.

काम संपल्यावर दोन दिवसांनी दोघं वेशीवरच्या रांगेतून कट्ट्यावर परतली. कट्टा धुऊन लख्ख केलेला, आणि मधोमध, अगदी छज्ज्याखाली, पांढऱ्या दगडाचं एक पिल्लू. पाय दुमडलेलं, चोच वासलेली. खाली नाव कोरलं होतं : 'निराधार'. कुणी घाण करू नये म्हणून एक रखवालदारही नेमला होता. त्यानं दोघांनाही खाली हुसकलं.

ढेंग्यानं पुतळ्याकडे बघितलं, मग शेवरीकडे. "तुझ्यापेक्षा लहान आहे की गं," एवढंच तो म्हणाला आणि घारींच्या मागे उडून गेला. शेवरी घसा फाटेस्तोवर हाका मारत राहिली. तिला माईसाहेबांचा राग आला, पाथरवटाचा आला, पण सगळ्यांत जास्त संताप आला तो स्वतःच्या त्या शहाण्यासारख्या दुमडलेल्या पायांचा.

थंडी पडली. पुतळ्याला कुणीतरी शाल पांघरवली. बगळे लेकराबाळांना घेऊन दर्शनाला यायला लागले, डोळे पुसायला लागले. शेवरी रखवालदाराच्या काठीपासून जरा लांब, उघड्यावर, कुडकुडत उभी असायची.

एका दुपारी एक इवलं पिल्लू चोचीत मासा धरून आलं. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि तडक शेवरीपुढे जाऊन उभं राहिलं. तिनं चोच उघडली.

"अरे, तिला नाही, सोन्या," मागून आई धावत आली. "ती चांगली मोठी आहे. बिचारं पिल्लू ते बघ तिकडे." तिनं लेकराची मान हळूच वळवली आणि त्याला उचलून कट्ट्यावर ठेवलं.

पिल्लानं तो मासा दगडी चोचीत सारला. तो अगदी बरोबर बसला. आई कौतुकानं हसली, माशातलं पाणी शालीवर ठिबकत राहिलं, आणि खाली शेवरीनं आपली उघडी चोच मिटून घेतली.