साठ देश आणि एक गल्ली

धानोऱ्यात बी-बियाणं घ्यायचं तर वत्सलाबाई गावंडे यांच्या दुकानातच, अशी कैक वर्षांची रीत होती. पण एका परदेशी कंपनीने तालुक्याला चकचकीत दालन उघडलं, शेतकऱ्यांना जेवणावळी घातल्या, आणि बाईंचं गिऱ्हाईक पांगू लागलं.

एके दिवशी कंपनीचे दाभाडेसाहेब गावात आले. पारावर सभा भरवून त्यांनी सगळ्यांदेखत बाईंना सुनावलं, "बाई, आमची कंपनी साठ देशांत आहे. तुमचं दुकान या एका गल्लीत. कशाला टक्कर देता? तुमची पाटी उतरवा, आमची लावा आणि आमचाच माल विका."

ते दुकान बाईंनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. तरी त्या शांतपणे उठल्या.

"लावते की साहेब. फक्त पाटीवर तुमच्या घरचा पत्ता तेवढा लिहा."

"माझ्या घरचा? तो कशाला?"

"मागं सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा अख्खं गाव माझ्या दारात आलं. मी सगळ्यांना बियाणं बदलून दिलं. एकाच गल्लीत असते, म्हणून सापडले. तुम्हाला यांनी कोणत्या देशात शोधायचं?"

पारावर हशा उसळला. साहेब घाम पुसत म्हणाले, "पत्त्याचं कंपनी ठरवेल."

"मग बियाण्याचं आम्ही ठरवतो," म्हणत म्हातारे किसनराव उठले आणि थेट बाईंच्या दुकानाकडे निघाले. बघता बघता सारा पार त्यांच्यामागे रिकामा झाला.

बाई ताठ मानेने पुढे झाल्या आणि त्यांनी दुकानाचं कुलूप उघडलं.