पैलतीरचा तनखा

"म्हाताऱ्याचा अर्धा तनखा खजिन्यात भरा! मागच्या पाच वर्षांचाही भरा! नाहीतर परवा सकाळी त्याला नदीपलीकडे हाकलून देऊ!"

मानगिरीच्या राजा दुर्जयसिंहाचा हा हुकूम ऐकला आणि ज्योत्याजी वस्ताद आपलं धोतर-पांघरूण गोळा करायला लागला. त्याने उभी हयात नदीपलीकडे, सोनखेडच्या तालमीत काढली होती. म्हातारपणी गुडघे गेले, बायको गेली, तेव्हा तो मानगिरीत दिलेल्या लेकीकडे, सगुणाकडे, राहायला आला. सोनखेडचा राजा त्याला दरमहा तनखा पाठवी, आणि पाठवण्याआधी आपला कर कापून घेई. उरलेल्यावर आता मानगिरीचा डोळा होता. अर्धा गेला तर खायचं काय? आणि पलीकडे धाडलं तर त्याला पाणी तरी कोण देणार?

सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, या पैशावर सोनखेडात कर भरलेला आहे!"

"तिकडे भरला असेल," करमंत्री भास्करपंत म्हणाले. "पण तुझा बाप राहतो इथे, पाणी पितो इथलं. म्हणून कर इथलाही!"

"पैसा निघतो तिकडून म्हणून ते कापणार. खर्च होतो इकडे म्हणून तुम्ही कापणार. मग मधल्या नदीने काय पाप केलंय? तिच्यातही दोन रुपये टाका!"

"मुली, मोठ्यांच्या कारभारात तोंड घालू नये. आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!"

"बरोबर आहे पंत, सावलीतच झाले असणार. उन्हात तुम्हाला पाहिलंय कुणी?"

दरबारात खसखस पिकली. पंतांच्या शेजारच्या तीन पांढऱ्या दाढ्या रागाने हलल्या. दाढ्या हलवण्यापलीकडे त्यांना दुसरं काम नव्हतंच.

राजा मात्र मिशीला पीळ देत म्हणाला, "पोरी, चालत आलेल्या पैशाला मी जन्मात 'नको' म्हटलेलं नाही. उद्या दुपारपर्यंत माझ्या तोंडून 'नको' काढून दाखव. कर माफ! नाही जमलं, तर बापाचं गाठोडं बांध!"

घरी वस्ताद हात जोडून म्हणाला, "सगुणे, जाऊ दे. मी जातो पलीकडे. पण ती गोष्ट काढू नकोस. मोठ्या माणसांची लाज राखावी."

"इतकी वर्षं फुकट राखलीत, आबा! आता थोडं भाडं घेऊ."

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन दरबारात आली आणि तिने पैशांची पिशवी पंतांपुढे ठेवली.

"अर्धा कशाला, हा अख्खा तनखा घ्या! मागची बाकीही भरते. घर विकेन, पण भरेन!"

राजा खो खो हसला. "हरलीस तर!"

"हरले, महाराज. फक्त सगळं रीतसर होऊ द्या. दवंडी पिटा."

मानगिरीत कर जमा झाला की चौकात दवंडी पिटत. कर कोणी भरला आणि कोणत्या कमाईवर भरला, हे सगळ्या गावाला ऐकवत. बाकीच्यांनी लाजून कर भरावा, म्हणून खुद्द दुर्जयसिंहानेच ही रीत पाडली होती.

पंतांनी दवंडीवाल्याला बोलावलं. "हं, नाव ज्योत्याजी वस्ताद. कमाई कशाची?"

"एका कुस्तीची," सगुणा म्हणाली.

"एका कुस्तीवर जन्मभर तनखा? पाडलं कोणाला, हत्तीला?"

"छे! बराच हलका निघाला तो. सोनखेडच्या जत्रेत एक परका जवान आला होता. घोड्यांचा व्यापारी म्हणवून घेत होता. 'मला पाडणारा अजून जन्मायचा आहे,' म्हणून दंड थोपटत होता. आबांनी धोबीपछाड मारली आणि त्याला असा चीत केला, की कानातली मोत्याची भिकबाळी मातीत घरंगळली!"

राजाचा हात एकदम कानाकडे गेला.

"ती भिकबाळी सोनखेडच्या राजाने उचलली, ओळखली आणि तो पोट धरून हसला. तिथल्या तिथे आबांना तनखा लावला. आता तो व्यापारी खरा कोण, हेही दवंडीत आलं पाहिजे ना? लिहून घ्या पंत, त्याचं नाव—"

राजाला घाम फुटला. वेश पालटून जत्रेला गेलेला तो जवान म्हणजे तोच होता! आणि इकडे भाट रोज सकाळी गात होते, 'दुर्जयसिंहाची पाठ मातीने कधी पाहिली नाही!'

"थांब! नको!"

"काय नको, महाराज?"

"कर नको! बाकी नको! दवंडी तर मुळीच नको!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सगुणा दरबाराकडे वळली. "मी एकच 'नको' मागितला होता. महाराज मनाचे मोठे!"

राजा लालबुंद झाला. त्याने वस्तादाकडे पाहिलं. म्हातारा खाली मान घालून उभा होता.

"वस्ताद, इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"जिंकलेल्याने बोलू नये, महाराज. तालमीचा शिरस्ता आहे."

"मी तालमीत शिकलेली नाही," सगुणा म्हणाली.

आता राजालाच हसू आवरेना. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. "पंत, हुकूम लिहा! ज्या तनख्यावर परमुलखात कर भरला आहे, त्यावर मानगिरीत एक कवडीही घ्यायची नाही!"

भास्करपंत कळवळले. "पण महाराज, असा आयता येणारा पैसा सोडायचा? कशाबद्दल?"

"महाराज," सगुणा म्हणाली, "आधी पंतांच्या पगाराची दवंडी पिटा. तो त्यांना कशाबद्दल मिळतो, तेही गावाला एकदा कळू दे!"

पंतांनी घाईघाईने टाक उचलला आणि हुकूम लिहायला घेतला. राजा इतका हसला, की त्याचा मंदील डोळ्यांवर आला.