गजलक्ष्मीचा निळा धूर

"बॉनेट उघडायचं नाही, गाडीला बोट लावायचं नाही, आणि धूर का येतो ते दिवेलागणीपर्यंत सांगायचं! नाही जमलं तर पिराजी, वाड्याच्या आवारातून बिऱ्हाड हलव!"

करंजवडीचे जहागीरदार नरसिंगराव सरकार कडाडले. जहागिरी कधीच गेली होती, पण कडाडणं शिल्लक होतं.

भानगड अशी झाली. सरकारांच्या जुन्या डिझेल गाडीने, म्हणजे गजलक्ष्मीने, भर बाजारात असा निळा धूर सोडला की मागून येणाऱ्या व्याह्यांच्या टांग्यात खोकल्याची जुगलबंदी लागली. शहरातून मेकॅनिक आला. त्याने सरकारांच्या मिशा पाहिल्या, घाम पुसला आणि म्हणाला, "ड्रायव्हर रॉकेल मिसळत असणार!"

झालं! ड्रायव्हर पिराजी चोर ठरला. सरकारांनी बॉनेटवर लाखेची मोहोर ठोकली.

"सरकार," पिराजी काकुळतीला आला, "ते सोमवारचं ऑइल जरा..."

"खबरदार! माझ्या हाताला दोष देणाऱ्याचंही बिऱ्हाड आजच हलेल!"

खरं दुखणं सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. सरकारांचे पूर्वज दर सोमवारी हत्तीला तांब्याभर तूप पाजत. हत्ती गेला, गाडी आली, रिवाज मात्र जागेवर! दर सोमवारी सरकार सोवळं नेसून गाडीच्या इंजिनात तांब्याभर ऑइल ओतायचे. तेल मोजायच्या सळीवरची खूण बुडून गेली तरी ओतायचे. इंजिनाला पोटभर तेल लागत नाही, हे त्यांना सांगणार कोण?

पिराजी घरी येऊन ट्रंक भरायला बसला. त्याची मुलगी हौसा वाड्याच्या देवघरात वाती वळायची, समया घासायची, आणि बापाशेजारी बसून गाडी चालवायलाही शिकली होती. तिने ट्रंकेतला सदरा उचलून परत खुंटीला अडकवला.

"आबा, गप बसा. घाई काय आहे?"

"अगं, खरं सांगितलं तर घर जातंय, नाही सांगितलं तरी जातंय!"

"मग आपण सांगायचंच नाही," हौसा म्हणाली. "ज्यांना सांगायची मुभा आहे, तेच सांगतील."

"कोण?"

"सरकार!"

पिराजीने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दिवेलागण झाली. देवघरात सरकार आले, व्याही संताजीराव आले, मागे सगळी मंडळी उभी राहिली. हौसाने समई पुढे ठेवली. सरकारांनी काडी ओढली. वात चरचरली, तडतडली, काळ्या धुराचा एक लोट सरकारांच्या नाकात सोडून विझली. दुसरी काडी. पुन्हा धूर! व्याह्यांना बाजारातला खोकला आठवला आणि ते नव्या दमाने खोकू लागले.

"कोणी भरली ही समई?" सरकार गरजले.

"मी, सरकार."

"डोळे कुठे होते तुझे? काठावरून तेल ओघळतंय! वाती पार बुडाल्यात!"

"भक्तीने घातलं, सरकार. देवाला कमी कसं घालायचं?"

"भक्ती मनात ठेव, तेल मापात ठेव! जास्त झालं की उजेड पडत नाही, नुसता धूर होतो. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

"आता कळली. मग उपाय काय करू?"

"उपाय कसला विचारतेस! जास्तीचं तेल काढून टाक!"

हौसा झटकन वळली आणि व्याह्यांपुढे वाकली. "ऐकलंत ना? सरकारांनी गजलक्ष्मीचा रोग ओळखला, औषधही सांगितलं! बॉनेट न उघडता, बोटसुद्धा न लावता!"

सरकारांची मिशी एकदा वर गेली, एकदा खाली आली.

"म्हणजे माझ्या हाताने... तू असं म्हणतेस?"

"छे छे! मला कुठे बोलायची परवानगी आहे? मी फक्त समई भरली. बोललात तुम्ही!"

आधी फुटले ते संताजीराव. "नरसिंगराव, अहो, स्वतःच्याच तोंडाने!" असं म्हणत ते भिंतीला टेकून हसू लागले. सरकार त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते, पण ओठ काही ऐकेनात. शेवटी तेही खदखदून हसले.

"पिराजी! फोड ती मोहोर!"

पिराजीने इंजिनाखालचं बूच सैल केलं. जास्तीचं ऑइल घमेल्यात उतरलं, सळीवर खुणेपाशी आलं, आणि मगच त्याने किल्ली फिरवली. गजलक्ष्मीने आधी उरलासुरला निळा धूर ओकला. वाड्याला दोन फेऱ्या झाल्या, धूर विरळ झाला. आणखी एका फेरीनंतर मागे नुसती धूळ उडत होती.

"चुकलो रे, पिराजी," सरकार पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "पण पोरी, आता सोमवारी मी करू काय? रिवाज कसा मोडू?"

"मोडू नका, सरकार. तांब्याभर तूपच घ्या," हौसा म्हणाली, "आणि आवारातल्या माणसांच्या पानात वाढा. आम्ही कितीही प्यालो तरी धूर सोडत नाही!"

सरकार इतके हसले की त्यांना गाडीच्या मडगार्डचा आधार घ्यावा लागला. त्यांनी पिराजीला राहतं घर कायमचं लिहून दिलं, आणि हौसाच्या हातावर गजलक्ष्मीची किल्ली ठेवली.

"उद्या व्याह्यांना स्टेशनवर तू सोडायचंस. आणि बाजारातूनच ने!"