पाणवठ्याचा नवा नियम

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात गव्यांचा मोठा कळप आणि रानडुकरांचा तेवढाच मोठा कळप शेजारी शेजारी राहत असे. जंगलात पाणवठा एकच होता आणि त्याचा नियम फार जुना, गव्यांच्या खापरपणजोबांनी घालून दिलेला होता. आधी गव्यांनी प्यायचे, उरलेले इतरांनी. तंटा झालाच, तर निवाडा गव्यांच्या म्होरक्याने करायचा. एका कडक उन्हाळ्यात डुकरांच्या वाट्याला नुसता चिखल उरला आणि लढाई जुंपली. शिंगांनी पिल्ले मेली, सुळ्यांनी वासरे मेली. शेवटी गव्यांचा म्हातारा म्होरक्या आणि डुकरांची पुढारीण असलेली एक रानडुकरीण समोरासमोर आले. दोघांनीही त्या लढाईत आपले एकेक लेकरू गमावले होते. म्होरक्याने मान खाली घातली, तिनेही घातली, आणि लढाई थांबली.

पावसाळ्यात पाणवठा तुडुंब भरला. वासरे आणि पिल्ले एकाच चिखलात लोळू लागली. आया जरा कुरकुरल्या, पण कुणी आपल्या लेकराला ओढून नेले नाही.

पुन्हा उन्हाळा आला, पाणी आटू लागले आणि डुकरे झाडांच्या बुंध्यांवर सुळे घासू लागली. म्होरक्याने ते पाहिले. त्याने आपला कळप मागे थांबवला आणि तो रानडुकरिणीला म्हणाला, “ताई, आज तुमची पिल्लं आधी पिऊ देत.”

रानडुकरीण जागची हलली नाही. “गवेदादा, तुमचं मन मोठं आहे, हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण तुमच्यानंतर जो म्होरक्या होईल, त्याचं मन मला कसं कळणार? माझ्या पिल्लांनी कुणाच्या मेहेरबानीवर किती दिवस पाणी प्यायचं? आपण नियमच बदलू या.”

हे ऐकून म्होरक्याचा तरणाबांड मुलगा पुढे आला. “बाबा, नियम बदलला तर उद्या ही डुकरं आपल्याला पाण्याजवळ उभं तरी करतील का?”

“तुझी भीती खोटी नाही,” म्होरक्या म्हणाला. “म्हणूनच नवा नियम असा करू, की त्यात त्यांचीही राखण होईल आणि आपलीही.”

दोन्ही कळप जांभळीच्या सावलीत बसले. इतक्यात एक ससा पुढे सरकून म्हणाला, “तुमच्या लढाईत बिळं आमची तुडवली गेली. पाणी आम्हीही पितो.” गवे आणि डुकरे, दोघेही ओशाळले आणि त्यांनी लहान जनावरांना जागा करून दिली. मग पुष्कळ वाद झाले, रुसवेफुगवे झाले, कुणी उठून गेले आणि समजूत घातल्यावर परत आले. अखेर ठरले, की एका दिवशी आधी गवे पितील, दुसऱ्या दिवशी आधी डुकरे, आणि लहान जनावरांनी केव्हाही यावे. तंटा झाला तर गवा, डुक्कर आणि ससा असे तीन पंच निवाडा करतील.

“आणि हाही नियम जाचू लागला तर?” साळिंदराने विचारले.

“तर पुन्हा इथेच बसायचं,” रानडुकरीण म्हणाली. “सुळे आणि शिंगं बाजूला ठेवून.”

ऐन उन्हाच्या तडाख्यात एके दिवशी म्होरक्याच्या त्याच मुलाला तहान आवरेना. पाळी डुकरांची होती, तरी तो पाण्यात घुसला. त्याच्या धक्क्याने एक पिल्लू आपटले आणि त्याचा पाय मुरगळला. ते रानडुकरिणीचेच पिल्लू होते. डुकरांनी म्होरक्याच्या मुलाला घेरले. गव्यांनी शिंगे खाली केली. सगळे रानडुकरिणीकडे पाहू लागले. ती संतापली होती. तिने पिल्लाला चाटले आणि ती सावकाश म्हणाली, “मागच्या वर्षी मी याला सोडलं नसतं. आज आपल्याकडे पंच आहेत. त्यांना बोलवा.”

मुलाने आशेने बापाकडे पाहिले. “माझ्याकडे बघू नकोस, बाळा,” म्होरक्या म्हणाला. “निवाडा आता माझ्या हातात नाही. पंच सांगतील ते तूही ऐकायचं आणि मीही.”

पंचांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि तिघांचे एकमत झाले. पाय बरा होईपर्यंत पिल्लाला पाठीवर बसवून पाण्यावर न्यायचे आणि त्याचे पिऊन झाल्यावरच स्वतः प्यायचे, अशी शिक्षा त्या मुलाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे जंगल पाहत राहिले. तो धिप्पाड गवा मान खाली घालून चालला होता आणि त्याच्या पाठीवर चिमुकले पिल्लू बसले होते. पिल्लू मजेत, हवे तेवढे पाणी प्यायले. गवा थांबून राहिला. परतताना पिल्लाला पाठीवरच झोप लागली. ते गव्याच्या लक्षात आले आणि पिल्लू जागे होऊ नये म्हणून तो आणखी हळू चालू लागला.

तात्पर्य : ज्या नियमापायी भांडण पेटले, तो सर्वांनी एकत्र बसून बदलला आणि बदललेला नियम बलवानांनीही पाळला, तरच झालेला समेट टिकतो.