देशमुखांचं मौन

"गावचं गायरान आजपासून माझं. आहे कुणाची हरकत?" रायाजीराव देशमुखांनी भर चावडीवर विचारलं. त्यांच्या मागे लाठ्या घेतलेले गडी उभे होते. बोलणार कोण? सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"गप्प बसले, म्हणजे कबूल!" देशमुख गरजले आणि पंचांनीही होकार भरला.

मान खाली घातलेल्यांत द्वारकाक्काही होती. तिच्या शेळ्यांना चरायला दुसरी जागा नव्हती, आणि शेळ्या गेल्या की घरची चूल विझलीच. पण तिनं श्रावणी सोमवारपर्यंत दम धरला. त्या दिवशी देशमुख सूर्यास्तापर्यंत मौन धरून देवळात बसत. मौन मोडलं तर देव कोपेल, ही त्यांना धास्ती.

दुपारी पंच दर्शनाला आले, तशी अक्का पुढे झाली. गडी लाठ्या सरसावून धावले, पण मालकाचा हुकूम निघेना, तसे थबकले. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"सरकार, गायरान गावाला परत द्या. हरकत असेल तर बोला!"

देशमुख लालबुंद झाले. ओठ थरथरले, पण उघडले नाहीत.

"पंचहो, सरकार गप्प बसले, म्हणजे कबूल! ऐकलंत ना?"

दिवस मावळताच देशमुख चावडीवर पंच आणि अक्का होते तिथं धावत आले. "ही कसली संमती? मी देवाच्या भीतीनं गप्प होतो!"

"आणि आम्ही तुमच्या भीतीनं, सरकार," अक्का म्हणाली. "आता पंचांनीच सांगावं, भीतीनं गप्प बसलेल्याची संमती धरायची की नाही?"

पंचांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. धरली काय, न धरली काय, गायरान गावाचंच राहत होतं.