झुलीला मेण

“सून आणलीय का रांजण, तेच कळेना. वाजतच नाही. भरलेला की रिकामा, सांगायचं कसं?”

सासू हे शेजारणीला म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी नवी सून गवताच्या गंजीपलीकडे चारा काढत होती. तिनं ऐकलं. रागावली नाही. प्रश्न तसा रास्तच आहे, असं तिला वाटलं, आणि तिनं पेंढी उचलली.

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा राजांचे निरोप घोड्यांच्या पाठीवरून जात आणि घाटातली वळणं माणसांपेक्षा घोड्यांना जास्त पाठ असत. घाटमाथ्यावरच्या एका गावात पाच घोड्यांचं हे घर होतं. पाऊस चार महिने उसंत घ्यायचा नाही, पण निरोप काही थांबायचे नाहीत. ते घाटाखाली पोचवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच घराचा.

घोड्यांच्या झुली घरीच होत. वर जाड सुती कापड, आत घोंगडी. जवसाच्या तेलात मेण वितळवून ते कापडाला चोळलं, की पाणी वरच्यावर ओघळून जाई. पणजोबांनी बाहेरून एक हात दिला होता. तरी घोडा ओला निघाला, म्हणून आजोबांनी दुसरा दिला. तरीही ओला निघाला, म्हणून सासऱ्यांनी आतूनही मेण चोळलं. तेव्हापासून दरसाल आतबाहेर एकेक हात वाढतच गेला. आता त्या झुली इतक्या ताठ झाल्या होत्या, की जमिनीवर ठेवल्या तर आपल्या आपण उभ्या राहत आणि कोंबड्या त्यांच्या आडोशाला अंडी घालत.

घोडे मात्र ओलेच. ओले म्हणून गारठलेले, गारठलेले म्हणून खोकणारे.

त्या वर्षी राजाच्या पागेच्या कारभाऱ्यानं निरोप धाडला, “पंधरा दिवसांनी येतो. घोडे खोकताना दिसले, तर हे काम दुसऱ्या गावाला.”

घरात धावपळ उडाली. “मेण आणा!” सासरे गरजले. “यंदा तीन हात!”

सून मोरणीला खरारा करायला गेली. मोरणी ही तिच्या नवऱ्याची घोडी, आणि सगळ्यांत जास्त तीच खोकायची. त्या दिवशी उघडीप होती. मोरणी सकाळपासून छपराखाली उभी, अंगावर झूल. सुनेनं झूल उचलली आणि थबकली. घोडी चिंब!

पाऊस नाही, छप्पर गळत नाही, मग हे पाणी आलं कुठून?

तिनं बोट लावून जिभेला टेकवलं. खारट.

कुणाला काही न बोलता ती कामाला लागली. मोरणीची झूल चुलीजवळ धरून आतलं मेण मऊ करायचं, उलथण्यानं खरवडायचं आणि उरलेलं गरम कोंड्यानं टिपून घ्यायचं. बाहेरच्या मेणाला मात्र तिनं हात लावला नाही. सासू आठ दिवस उलथणं शोधत होती.

ठरल्या दिवशी कारभारी आला. चार घोडे खोकले. मोरणी कोरडी ठणठणीत, कान टवकारून उभी.

“हिची झूल कुणी केली?” त्यानं विचारलं.

“आमच्या घराण्याची रीत आहे, कारभारी!” सासरे छाती काढून म्हणाले.

कारभाऱ्यानं झूल उलटली. “आत तर मेणच नाही.”

“नाही?” सासऱ्यांचा चेहरा उतरला. “कुणी खरवडलं? कुणाचा हा उपद्व्याप?”

सून पुढे झाली. तिनं शेजारच्या घोड्याची झूल उचलली, आतली ओल पदरानं टिपली आणि पदराचं टोक पुढे केलं. “मामंजी, जरा चाखा.”

कारभाऱ्यासमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी चाखलं.

“खारट आहे गं!”

“पाऊस खारट असतो का, मामंजी? घोडा घामानं भिजतोय. आतलं मेण त्याचा घाम घोंगडीला टिपू देत नाही.”

कारभारी इतका हसला, की त्याचं पागोटं सुटलं. त्यानं आणखी पंधरा दिवस दिले. घरातले सगळे आतलं मेण खरवडायला बसले, सासरे सर्वांत पुढे. घोड्यांचा खोकला गेला, काम घरातच राहिलं, आणि त्या पावसाळ्यात एकही निरोप उशिरा पोचला नाही.

उलथणं परत हातात पडल्यावर सासू म्हणाली, “अगं बाई, एवढं कळलं होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?”

सून किंचित हसली.

“आत्याबाई, त्या दिवशी नुसता संशय होता. ओल कुठून येते हे पुरतं कळल्याशिवाय मेण लावू नये, आणि तोंडही उघडू नये.”